नळीच्या तोंडाची राखण

जुन्नर वनविभागाच्या बचाव पथकासोबत उसाच्या बांधावर उभं राहिलं की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. गाडीतून उतरताना बंदूकवाल्याचा हात आधी नळीच्या तोंडाकडे जातो. टोपी जागेवर आहे ना, हे तो चाचपून बघतो आणि मगच बिबट्या कुठे दिसला ते विचारतो.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके या विभागात येतात. कुकडी आणि घोडच्या पाण्यावर ऊस वाढला आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. त्यामुळे इथली भुलीची बंदूक जंगलापेक्षा शेतातच जास्त वावरते, आणि शेतात नळीचे वैरी पुष्कळ. पहाटे फडात शिरलं की पानांवरचं दव थेट तोंडात ओघळतं. पाचटाची भुकटी असते, अंगाला खाज आणणारी उसाची कूस असते, नांगरलेल्या रानातली धूळ असते. पावसाळ्यात पश्चिमेला आंबे-हातवीजकडे भातखाचराच्या बांधावरून पाय घसरला तर नळी सरळ चिखलातच जाते. नुसती ठेवलेली बंदूकही सुरक्षित नाही. कुंभारीण माशीला उघडं भोक दिसलं की ती आत मातीचं घर बांधते.

गोळीच्या रायफलला यावर जुना, स्वस्त उपाय आहे. तोंडावर पातळ चिकटपट्टी किंवा रबरी फुगा चढवायचा. गोळी सुटली की तिच्यापुढे दाबली गेलेली नळीतली हवाच तो पडदा फोडते, गोळी तिथवर पोचायच्या आत. पण पडदा पातळच हवा. चिंधीचा बोळा किंवा लाकडी बूच ठोकून ठेवणं जिवावर बेतू शकतं, कारण अडथळा आत असताना गोळी सुटली तर नळी फुगते, कधी फुटतेही.

भुलीच्या बंदुकीला मात्र हा पातळ पडदाही चालत नाही. तिच्यात सहसा बारूद नसते. अंतर बघून कार्बन डायऑक्साइडचा दाब लावायचा आणि त्या दाबानं प्लास्टिकची सिरिंज फेकायची. सिरिंजला मागे लोकरीचा गोंडा असतो, तो तिला सरळ नेतो. सुईचं टोक बंद असतं. औषधाचं भोक बाजूला, आणि त्यावर सिलिकॉनची इवली नळी ओढलेली. सुई कातडीत शिरली की ही नळी मागे सरकते, भोक उघडतं आणि सिरिंजमध्ये आधीच भरलेली हवा औषध आत ढकलते. आता तोंडावर चिकटपट्टी असेल तर? सिलिकॉनची नळी तिथेच सरकायची आणि औषध बिबट्यापर्यंत पोचण्याआधी सांडायचं. म्हणून इथे टोपीच हवी, आणि दाब लावण्याआधी ती निघायलाच हवी. ती भडक रंगाची आणि दोरीनं बांधलेली असावी, असं माझं ठाम मत आहे. काळी टोपी अंधारात दिसत नाही.

परत आल्यावरचं काम कंटाळवाणं, पण टाळता न येणारं. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळी उजेडाकडे धरायची आणि मागच्या बाजूनं आत बघायचं. मग सळईला कोरडी चिंधी लावून ती मागूनच पुढे सारायची, म्हणजे घाण यंत्रणेत न जाता तोंडातून बाहेर पडते. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं. ओली बंदूक खोळीत कोंबली की गंजानं काम सुरू केलंच म्हणून समजा.

भूल फसली तर काय होतं, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसलं. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन माणसं दगावल्यावर शोधलेल्या बिबट्याला आधी भूल द्यायचा प्रयत्न झाला. तो फसला, बिबट्या चवताळला आणि नेमबाजांना गोळी घालावी लागली. भुलीची सिरिंज चुकायला कारणं अनेक असतात: अंतर, अंधार, हलतं जनावर. ती सगळी आपल्या हातात नसतात. नळीची स्वच्छता हातात असते.

तुमच्या रानात पथक आलं तर दोन गोष्टी करा. गर्दी मागे ठेवा, कारण धक्काबुक्कीत नळी मातीत जाते. आणि पाऊस असेल तर पडवीचा एक कोरडा कोपरा त्यांना मोकळा करून द्या.