वाणिज्यदूत

वाणिज्यदूत म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशातील शहरात आपल्या नागरिकांच्या हितरक्षणासाठी व व्यापारवृद्धीसाठी नेमलेला अधिकारी. त्याच्या कार्यालयास वाणिज्य दूतावास म्हणतात. राजदूत यजमान देशाच्या शासनाशी बोलतो. वाणिज्यदूत मुख्यतः माणसांची कामे पाहतो. पारपत्र, व्हिसा, जन्ममृत्यूच्या नोंदी, अटकेतील नागरिकाची भेट ही ती कामे होत. त्यामुळे शब्दातील 'वाणिज्य' हे पूर्वपद अर्थाला अपुरे पडते.

इंग्रजीतील 'कॉन्सल' हा मूळ लॅटिन शब्द. प्राचीन रोमन प्रजासत्ताकात दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांचे ते पदनाम होते. रोमच्या इतिहासावरील मराठी मजकुरात त्यास 'वाणिज्यदूत' म्हणणे चूक ठरते. तेथे 'कॉन्सल' असेच लिहावे.

वकील आणि वकिलात

मराठेशाहीत परदरबारी राहणाऱ्या प्रतिनिधीस वकील म्हणत. शब्द अरबी आहे. गोविंदराव काळे हे हैदराबादेस पेशव्यांचे वकील होते. वऱ्हाडाचे भवितव्यही एका वकिलाच्या हातून लिहिले गेले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला, पुढे गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह झाला. भोसल्यांच्या वतीने तो यशवंतराव रामचंद्र या वकिलाने ठरविला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. परस्परांच्या दरबारी प्रतिनिधी ठेवण्याचे कलमही त्यात होते.

आज अकोल्यात वकील म्हटले की न्यायालयच डोळ्यांपुढे येते. जुना अर्थ 'वकिलात' या शब्दात तेवढा टिकला. काटेकोरपणे तो दूतावासास लागू असला, तरी मुंबईतील वाणिज्य दूतावासांनाही वृत्तपत्रे वकिलातच म्हणतात.

अर्थभेदाचे महत्त्व

वाणिज्यदूतांविषयीचा व्हिएन्ना करार १९६३ चा. त्याच्या कलम ३६ नुसार अटकेतील परदेशी नागरिकास स्वदेशाच्या वाणिज्यदूताशी संपर्क साधता येतो. पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये मृत्युदंड सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारताने याच कलमाचा आधार घेतला. पाकिस्तानने कलमाचा भंग केल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. वाणिज्यदूताची भेट आणि त्याच्यामार्फत कायदेशीर प्रतिनिधी मिळणे, असे दोन निरनिराळे हक्क येथे होते. 'वकिलाची भेट नाकारली' एवढेच लिहिल्यास त्यांपैकी कोणता हक्क अभिप्रेत आहे हे मराठी वाचकास कळत नाही.