गाडीच्या पाण्याची वही

नळाचा वायसर गेला आणि रात्री टपटप सुरू झाली, की घरात सगळ्यात आधी जाग कुणाला येते? टाकीच्या कडेला ओल दिसली, कुकरची रिंग सैल होऊन शिट्टीला वेळ लागायला लागला, की बाईच्या लगेच लक्षात येतं. पण दारातल्या गाडीचं बॉनेट उघडायची वेळ आली, की आपण दोन पावलं मागं सरकतो. ‘ते पुरुषांचं काम’ असं लहानपणापासून ऐकलेलं असतं ना! खरं सांगू का मैत्रिणींनो, जुन्या गाडीतून कूलंट हळूहळू कमी होत असेल तर ते शोधायला ताकद लागत नाही. लागते ती रोजची नजर, मोजमाप आणि हिशेब. आणि या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आधीपासून आहेत.

आमची गाडी २००९ सालची. २०२४ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतलं, कारण नवी घेणं परवडणारं नव्हतं. आम्ही राहतो पाटणला. मिस्टर नोकरीसाठी पुण्याला, शनिवारी येतात. सासूबाईंचं डायलिसिस कराडला, मंगळवार आणि शुक्रवार. जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर आणि गाडी चालवणारी मी. डायलिसिस म्हणजे ‘आज नको, उद्या जाऊ’ म्हणता येईल असं काम नाही. एक वेळ चुकली तरी आईंच्या पायांवर सूज दिसते, रात्री आडवं झालं की दम लागतो. त्यामुळं गाडी वाटेत बंद पडणं म्हणजे आमच्याकडे नुसता खोळंबा नसतो.

मागच्या उन्हाळ्यात बॉनेटखालच्या पांढऱ्या बाटलीतलं कूलंट खालच्या रेघेला टेकलेलं दिसलं. गावातल्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रींनी नळाचं पाणी ओतलं आणि म्हणाले, “वहिनी, जुन्या गाडीला पाणी लागतंच. घालत ऱ्हावा, काय होत न्हाई.” तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. तेव्हा म्हणाले, “साहेब आले की पाठवा, त्यांच्याशी बोलतो.” मी म्हटलं, “दादा, गाडी मी चालवते, पैसेही मीच देणार. मलाच सांगा.”

कुकरचंच तत्त्व

जुन्या गाडीला पाणी ‘लागतं’ हे खरं नाही. इंजिनाभोवती फिरणारं कूलंट बंद वाटेनं फिरतं. इंजिनातून रेडिएटरमध्ये, तिथं वाऱ्यानं गार होऊन पुन्हा इंजिनात. ते पेट्रोलसारखं जळत नाही, खर्चही होत नाही. कमी झालं, म्हणजे कुठून तरी बाहेर गेलं.

कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नाही. त्यात पाण्याबरोबर बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि गंज धरू नये म्हणून घातलेली रसायनं असतात. आता कुकर आठवा. आत दाब वाढतो म्हणून पाणी १०० अंशांना न उकळता १२० च्या आसपास तापतं आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकणही हेच काम करतं. आत दाब धरून ठेवतं, त्यामुळं तापलेलं कूलंट उकळत नाही. बारीकशी गळती असली किंवा झाकणाचं रबर गेलं, की दाब टिकत नाही. मग कूलंट लवकर उकळतं आणि आणखी कमी होतं. रिंग सैल झालेल्या कुकरसारखीच गत!

बरं, थेंब खाली पडतीलच असंही नाही. तापलेल्या इंजिनावर ओघळ जागच्या जागी वाळतो. मागं राहतो तो पांढरट किंवा हिरवट-गुलाबी थर, माठाच्या अंगावर क्षार बसतात ना, तसाच.

दोन वह्या शेजारी शेजारी

आमच्या घरी एक वही आधीपासून आहे. आईंनी दिवसभरात किती पाणी, किती चहा घेतला, हे तीत लिहायचं. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापापेक्षा जास्त जाऊन चालत नाही. तिच्याच शेजारी मी गाडीची वही ठेवली. आई हसून म्हणाल्या, “माझं पाणी मोजतेस, आता तिचंही मोज!”

पद्धत अगदी सोपी. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना, गाडी सपाट जागी उभी असताना बाटलीकडे बघायचं. गरम असताना कूलंट फुगतं, त्यामुळं संध्याकाळचं माप धरायचं नाही. पातळीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. तारीख आणि किलोमीटर लिहायचे. कमी झालं, तर औषधाच्या मापानं मोजून घालायचं आणि किती घातलं तेही लिहायचं.

इथं एक मेख आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण असतं आणि शेजारची बाटली फक्त जास्तीचं कूलंट साठवते. रेडिएटर गार होताना तो बाटलीतून कूलंट परत ओढून घेतो. पण गळती असेल तर तिथून हवा ओढली जाते, आणि बाटली भरलेली, रेडिएटर मात्र रिकामा, असंही होतं. म्हणून अशा गाडीत इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत काठोकाठ आहे ना, हेही पाहायचं. ज्या गाड्यांना झाकण फक्त बाटलीवरच असतं, तिथं बाटलीची पातळी पुरते.

माझ्या वहीत आठवड्याला साधारण ५० मिली कमी होत होतं. पाटण-कराड रस्ता तसा सरळसोट. मग नणंदेकडे चिपळूणला जायचं ठरलं. डिकीत दोन लिटर कूलंट ठेवून निघालो. येताना पोफळीहून कुंभार्ली घाट चढून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर एका फेरीत १५० मिली कमी! म्हणजे इंजिन जास्त तापलं, दाब वाढला की गळती वाढते. बाटलीकडे नुसतं बघून हे कधी कळलं नसतं, वहीनं सांगितलं.

कुठं कुठं बघायचं?

रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाका. एसी चालवल्यावर खाली पडणारं पाणी स्वच्छ असतं, बोटाला चिकटत नाही, त्याची काळजी नको. कूलंटला रंग असतो आणि ते बोटाला बुळबुळीत लागतं. पुठ्ठा कोरडा राहिला, तर गार इंजिनावर टॉर्च मारून पुढच्या जागा बघा.

रबरी पाईप आणि त्यांच्या क्लिपा: पाईप फुगलेला, चिरलेला किंवा दाबल्यावर भुसभुशीत लागतो का?

रेडिएटर: बाजूच्या प्लास्टिकच्या टाक्या आणि मधली ॲल्युमिनियमची जाळी जिथं जोडलेली असते, तिथं थर बसलाय का?

वॉटर पंप: याला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं, की तिथून ओघळ येतो.

गाडीच्या आत: पुढच्या सीटसमोरचं पायपुसणं ओलं, गोडसर वास, काचेवर तेलकट वाफ, असं असेल तर हीटरची छोटी जाळी गळत असते.

बाहेर कुठंच काही नसेल, तर शंका हेड गॅस्केटची. इंजिनाच्या दोन भागांमधलं ते सील. ते गेलं, की कूलंट इंजिनातच जळतं किंवा ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पट्टी काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय का? इंजिन चांगलं तापल्यावरही मागून पांढरा धूर येतच राहतो का? थंडीतल्या सकाळी सुरुवातीला थोडी वाफ येतेच, त्याला घाबरायचं नाही.

गॅरेजमध्ये काय मागायचं?

वही दाखवल्यावर मिस्त्री म्हणाले, “मग हेड गॅस्केटच असणार. इंजिन खोलावं लागंल.” खर्च सांगितला तो आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढा. पण ऑइल स्वच्छ होतं, धूर नव्हता. मी विचारलं, “प्रेशर लावून बघितलंत का?” त्यांच्याकडे ते साधन नव्हतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं, हा त्यांचा चांगुलपणा.

शुक्रवारी आईंना डायलिसिसला बसवलं आणि ते चार तास कराडच्या एका गॅरेजमध्ये घालवले. प्रेशर टेस्ट म्हणजे झाकणाच्या जागी सायकलच्या पंपासारखा एक हातपंप बसवतात. त्याला दाबाचा काटा असतो. इंजिन गार ठेवून, झाकणावर छापलेला असतो तेवढा दाब द्यायचा. बहुतेक गाड्यांत तो ०.९ ते १.१ बार असतो. मग वाट बघायची. काटा जागचा हलला नाही, तर बाहेर गळती नाही. आमचा काटा पाच मिनिटांत खाली यायला लागला. मेकॅनिकनं आरसा धरून दाखवलं. रेडिएटरच्या पंख्याकडच्या बाजूला, प्लास्टिकच्या जोडावर, केसासारखी ओल. झाकणही दाब धरत नव्हतं.

रेडिएटर आणि झाकण बदललं. इंजिन खोलावं लागलं नाही. सांगितलेल्या खर्चाच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं. नवीन कूलंट भरल्यावर त्यांनी हीटर चालू ठेवून आत अडकलेली हवा बाहेर काढली. तेवढं तुम्हीही आवर्जून करून घ्या. हवा अडकली, तर नव्या रेडिएटरनंही इंजिन तापतं.

हेड गॅस्केटचीही आधी चाचणी होते. रेडिएटरच्या तोंडाशी एक निळं रसायन धरतात. इंजिनातला जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. इंजिन खोलण्याआधी ही चाचणी मागणं हा आपला हक्क आहे.

हळद स्वयंपाकघरातच बरी

रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की गळती थांबते, हा उपाय आपल्याकडे खूप जुना. बारीक भोक कधी कधी बुजतंही. पण तीच हळद हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पावडरींनाही हाच धोका आहे. अडचणीत घरी पोचण्यापुरतं ठीक, कायमचा इलाज नाही.

सतत बोअरचं पाणी घालणंही वाईट. गिझरच्या कॉइलवर जो थर बसतो, तोच आत बसतो. वाटेत दुसरं काही मिळालं नाही, तर पिण्याचं पाणी घाला, पण नंतर सगळं धुऊन नवीन कूलंट भरून घ्या. तयार कूलंटमध्ये पाणी मिसळायचं नाही. घट्ट कूलंट असेल, तर इन्व्हर्टरच्या बॅटरीला घालतो ते डिस्टिल्ड वॉटर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायचं. रंग बघून दोन प्रकारची कूलंट एकत्र करू नका. गाडीच्या पुस्तिकेत जे सांगितलंय तेच घ्या.

आणि हे मात्र विसरू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसून धुऊन टाका, नाहीतर कुत्री-मांजरं चाटतात. उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून मुलांच्या हाताशी ठेवू नका. मुलाच्या पोटात गेलंच, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठा.

वाटेत काटा चढला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण चालू करा, उकडलं तरी चालेल, तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. झाकणाला हात लावू नका. वाफ असलेला कुकर आपण उघडतो का? उकळतं पाणी उसळून तोंड-हात भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. मग जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, इंजिनाला तडा जाऊ शकतो.

आणि फक्त काट्यावर विसंबून राहू नका. पातळी फार खाली गेली, की तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेलाच राहत नाही. मग इंजिन तापलेलं असूनही काटा मधेच दिसू शकतो. म्हणून तर सकाळी बॉनेट उघडून बघायचं.

रेडिएटर बदलल्यापासून आमची गाडी हजारावर किलोमीटर चालली. चिकटपट्टी जिथं लावली होती, पातळी तिथंच आहे. तरी वही बंद केलेली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी निघायच्या आधी दोन मिनिटं लागतात, आईंची औषधांची पिशवी भरायला लागतात त्याहूनही कमी. तुमच्या दारात जुनी गाडी असेल, तर उद्या सकाळी ती सुरू करण्याआधी एवढं बघाच. काही कमी दिसलं, तर तारीख टाकून लिहून ठेवा, आणि गॅरेजमध्ये जाताना ते पान सोबत न्या.