तुफानाच्या रात्री आई पाणी का प्यायली नाही

धाकटा भाऊ तोक्योत संगणकाच्या नोकरीला आहे. चार वर्षं तो बोलावत होता. शेवटी २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं, आमची नऊ वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांची आई असे चौघं निघालो. आईला बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. आमच्यातली एक पालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आहे. तेव्हा औषधांची पिशवी, डॉक्टरांची चिठ्ठी, साखर तपासायचं यंत्र, सगळं व्यवस्थित घेतलं होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढं जी चूक झाली ती माहिती नसल्यामुळं झाली नाही.

भाऊ राहतो तो भाग निशी-कासाई. तिथं भारतीयांची मोठी वस्ती आहे, दुकानात तूरडाळ मिळते, रस्त्यात मराठी कानावर पडतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुराणिक योगेंद्र हे मूळचे आपल्याकडचे गृहस्थ तिथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले होते. आईला हे ऐकून फार बरं वाटलं. "म्हणजे नळाची तक्रार मराठीत करता येईल," असं ती म्हणाली.

पहिले दोन दिवस भटकण्यात गेले. असाकुसाला सेन्सोजी हे तोक्योतलं सगळ्यांत जुनं बुद्ध मंदिर पाहिलं. सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोन भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, ते साल ६२८, अशी तिथली कथा. कान्नोन म्हणजे आपल्या कान्हेरीच्या लेण्यांत दिसतो तो अवलोकितेश्वर. दारातच सातशे किलोचा लाल कंदील टांगलेला आहे. भावानं सांगितलं, जोराचं वारं येणार असलं की हा कंदील घडी करून वर गोळा करतात. आम्हाला ती गंमत वाटली. दोनच दिवसांत तशी वेळ येईल असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असतं?

तुफान म्हणजे आपल्याकडचं चक्रीवादळच. प्रशांत महासागराच्या त्या बाजूला त्याला टायफून म्हणतात. या टायफूनचं नाव हागिबिस, पण जपानी माणूस नावानं बोलत नाही, वर्षातला क्रमांक सांगतो. हा एकोणीस नंबर होता. महिनाभर आधी पंधरा नंबर येऊन गेला होता. त्यात शेजारच्या चिबा प्रांतात कितीतरी दिवस वीज नव्हती आणि पंखा नाही, थंड पाणी नाही अशा उकाड्यात उष्माघातानं म्हातारी माणसं दगावली. वारा थांबला म्हणजे धोका संपला असं नसतं. त्यामुळं या खेपेला लोक फार सावध होते.

शुक्रवारी ११ तारखेला आम्ही दुकानात गेलो तर पाव नाही, पाण्याच्या बाटल्या नाहीत, बॅटरीचे सेल नाहीत. रेल्वेनं आदल्या दिवशीच जाहीर केलं की उद्या दुपारपर्यंत गाड्या क्रमाक्रमानं बंद करणार. गाड्या बंद पडणार नव्हत्या, बंद करणार होते. माणूस मध्येच अडकू नये म्हणून. २६ जुलै २००५ ला आमच्यातला एक जण चर्चगेटहून कुर्ल्यापर्यंत छातीभर पाण्यातून चालत आला होता. त्यानं ती सूचना दोनदा वाचून घेतली.

शनिवारी सकाळपासून पाऊस. आणि सगळ्यांच्या फोनवर एकदम कर्कश भोंगा. एदोगावा वॉर्ड अराकावा आणि एदोगावा या नद्यांच्या तोंडाशी आहे, त्यातली बरीचशी जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली. त्याच वर्षी वॉर्डानं घरोघर पुराचा नकाशा वाटला होता आणि त्याच्या मुखपृष्ठावर चक्क छापलं होतं की इथं थांबू नका. आपल्या पालिकेनं असं छापलं तर केवढा गदारोळ होईल! सूचनांच्या पायऱ्याही त्यांनी त्याच वर्षी लावल्या होत्या. तिसऱ्या पायरीला म्हातारी, अपंग, लहान मुलं असलेली घरं निघतात. चौथीला सगळे. पाचवीला संकट आलेलंच असतं, तेव्हा बाहेर पडायचं नाही, जिथं आहात तिथं जीव वाचवायचा. म्हातारी माणसं सावकाश चालतात म्हणून त्यांना आधी निघू द्यायचं. आपल्या वस्तीत नेमकं उलटं होतं. म्हातारी शेवटपर्यंत पेटीवर बसून राहते.

आमची आईही बसूनच होती. भावाचं घर तळमजल्यावर. "मी कुठं येत नाही. पाणी आलं तर बघू," हे तिचं एकच पालुपद. शेवटी नातीनं विचारलं, "आजी, तू नाही आलीस तर मी पण नाही." मग उठली.

निवारा एका शाळेत होता. पाणी चढलं तर म्हणून तळमजला मोकळा ठेवून लोकांना वरच्या वर्गांत बसवत होते. दारात बूट काढून पिशवीत घ्यायचे, नाव लिहायचं. आम्ही पासपोर्ट पुढं केला. टेबलावरच्या मुलीनं तो नीट पाहिलाही नाही, माणसं किती ते विचारलं आणि तिसऱ्या मजल्याकडं बोट दाखवलं. वर्गात आमच्यासारखी पाच-सहा कुटुंबं होती. प्रत्येकानं चटईएवढी जागा धरलेली, बोलणं अगदी हळू. दुपारी साडेतीनच्या सुमारास पाचव्या पायरीचा इशारा आला. संध्याकाळी सव्वासहा वाजून गेल्यावर जमीन हलली. चिबाच्या समुद्रात भूकंप झाला होता. "आता हे काय नवीन?" आई म्हणाली. वर्गातल्या जपानी आज्जींना शब्द कळले नसतील, पण त्या हसल्या.

सात वाजता आईला नेहमीचं इंजेक्शन दिलं. सोबत दशम्या होत्या, शाळेत बिस्किटं मिळाली होती. "जेवलीस का?" विचारलं, "हो" म्हणाली. आम्ही खिडकीशी. बाहेर वारा शिट्टी घालत होता, काचा थरथरत होत्या. अराकावाचं पाणी किती चढलं ते भाऊ दर दहा मिनिटांनी फोनवर बघत होता. वरच्या अंगाला इवाबुचीचा दरवाजा बंद करून सुमिदा नदीत जाणारं पाणी रोखलं, असं रात्री कळलं. म्हणजे जुनं शहर वाचलं, आणि सगळा लोंढा आमच्या शेजारच्या पात्रातून जाणार. हे पात्र मुळात माणसांनी खोदलेलं. १९१० च्या महापुरानंतर वीस वर्षं खपून.

साडेनऊच्या सुमारास लेक म्हणाली, "आजी कायतरीच बोलतेय." पाहिलं तर आई घामानं चिंब. हात गार, बोटं थरथरत होती. भावाला ती तिच्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारत होती. यंत्रावर साखर ५४ आली. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो.

ही साखर कमी होण्याची अवस्था आपल्या घरांत अनेकदा ओळखूच येत नाही. अशक्तपणा आला, वारं लागलं, बाहेरचं झालं असं म्हणतात आणि झोपू देतात. झोपू देऊ नये. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. अर्धा ग्लास फळाचा रस चालेल, साखरेचं गोड सरबत चालेल. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्यावं. बरं वाटलं की पोळी, भात, बिस्किट काहीतरी पोटात जायलाच हवं, नाहीतर साखर परत उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ठसका लागून जीव जातो. कुशीवर वळवून तडक रुग्णालय.

हे सगळं आमच्यातल्या परिचारिकेला पाठ. आणि पिशवीत यंत्र होतं, सुया होत्या, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. साखर नव्हती. ती भावाच्या स्वयंपाकघरात डब्यात राहिली होती. शेजारच्या चटईवरच्या बाईंनी आमची धावपळ पाहिली, एक शब्द न विचारता आपल्या पोराच्या पिशवीतून सफरचंदाच्या रसाचा छोटा डबा काढला आणि नळी टोचून आईच्या तोंडाशी धरला. वीस मिनिटांत आई माणसांत आली. साखर ८८. मग समोर बसून तिला दशमी खायला लावली.

तेव्हा कळलं की संध्याकाळी तिनं आपली दशमी नातीला दिली होती. पाणी तर दुपारपासून जेमतेम दोन घोट. का? संडास खालच्या मजल्यावर, बाहेर रांग, तिथं बायका-पुरुष शेजारी शेजारी उभे. "उगाच सारखं उठायला नको."

वाचक भगिनींनो, हे कारण तुम्हाला समजावून सांगायला नको. आई कुर्ल्याच्या वस्तीत तीस वर्षं राहिली. सार्वजनिक संडास दोनशे पावलांवर, दिवा नाही, रात्री जायची सोय नाही. दुपारी चारनंतर पाणी प्यायचं नाही, हा तेव्हाच्या बायकांचा ठरलेला नेम होता. मूत्रमार्गाची जळजळ, मुतखडा, बद्धकोष्ठ हे सगळं त्यातून आलं आणि आम्ही ते बाईमाणसाचं दुखणं म्हणून सोडून दिलं. तो नेम तिनं फ्लॅटमध्येही मोडला नव्हता, आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. गंमत अशी की जपानी लोकांनाही हा त्रास ठाऊक आहे. भूकंपानंतर निवाऱ्यात म्हातारी माणसं संडास टाळायला पाणी तोडतात, एका जागी बसून राहतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. २००४ साली निइगाताच्या भूकंपानंतर मोटारीत झोपून राहिलेली काही माणसं अशीच, गुठळी फुप्फुसात जाऊन मेली. म्हणून त्या रात्री मधूनमधून एक कर्मचारी येऊन सगळ्यांना उभं राहून पाय हलवायला सांगत होता. आम्हाला आधी तो कवायत मास्तर वाटला.

पहाटे वारा पडला. अराकावाचा बांध टिकला, भावाच्या घरात पाणी शिरलं नाही. सगळीकडं असं झालं नाही. हाकोनेत एका दिवसात ९२२ मिलिमीटर पाऊस पडला, नागानोत चिकुमा नदीचा बांध फुटून बुलेट ट्रेनच्या गाड्या उभ्याच्या उभ्या बुडाल्या, देशभरात नव्वदहून जास्त माणसं गेली. तोक्योला लागून असलेल्या मुसाशी-कोसुगीत एका उंच, महागड्या इमारतीच्या तळघरातली विजेची यंत्रं बुडाली. लिफ्ट बंद, पाणी बंद, संडास बंद. श्रीमंतांनाही तेव्हा संडासाची किंमत कळली असेल.

रविवारी भावानं एक बातमी वाचून दाखवली. तोक्योच्याच दुसऱ्या एका वॉर्डात, त्या पावसात निवाऱ्यावर आलेल्या बेघर माणसांना, तुमचा पत्ता या वॉर्डातला नाही असं सांगून परत पाठवलं. पुढं त्यावर खूप टीका झाली, वॉर्डप्रमुखानं माफी मागितली. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपला पत्ता कुठं होता तिथला? मुंबईचाच लिहिला ना?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. पासपोर्टवाल्या पाहुण्यांना चटई मिळाली आणि त्याच मातीतल्या माणसाला दारातून परत पाठवलं. दाराशी अडवलं जाणं म्हणजे काय ते आईला कुणी शिकवावं लागत नाही.

आता आमच्या घरात जूनपासून एक पिशवी दाराला टांगलेली असते. साखरेची पुडी आणि ग्लुकोज सगळ्यांत वर. इन्शुलिनची वापरातली बाटली फ्रीजशिवाय साधारण महिनाभर टिकते, पण मुंबईच्या उकाड्यात ती प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवावी, बर्फाला चिकटवू नये. साखरेच्या माणसानं पुराच्या पाण्यात अनवाणी उतरू नये, पायाला जखम झाली तरी त्याला कळत नाही. आणि त्या पाण्यात उंदराचं मूत असतं. २००५ च्या पुरानंतर लेप्टोनं मुंबईत किती माणसं नेली ते विसरू नका. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर पाय साबणानं धुवा आणि तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधाच्या गोळीचं विचारा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर मेडिकलमधून गोळी घेऊन दिवस काढू नका.

सोमवारी १४ ऑक्टोबर. बऱ्याच गाड्या सुरू झाल्या होत्या, म्हणून आम्ही कामाकुराला गेलो. शनिवारीच जायचं होतं, पण तुफानानं तो दिवस बदलून धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी आणून ठेवला. तिथली काशाची बुद्धमूर्ती अकरा मीटरहून उंच आहे. तिच्यावर पूर्वी मोठं मंदिर होतं. १३३४ आणि १३६९ च्या वादळांत ते पडलं, परत बांधलं, मग १४९८ च्या सुमारास समुद्राच्या लाटेनं नेलं. त्यानंतर कुणी बांधलं नाही. पाचशे वर्षं मूर्ती उघड्यावर बसलेली आहे, दोन दिवसांपूर्वीच्या वाऱ्यातही तशीच होती. आभाळ भरलेलं होतं. आम्ही पाचही जणांनी हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं. शेजारचे लोक जरा सरकून उभे राहिले.

मग आई बाकावर बसली. इकडंतिकडं पाहिलं, डाव्या हाताला संडासाची पाटी दिसली. "जवळ आहे," म्हणाली, आणि बाटलीचं झाकण काढून अर्धी बाटली एका दमात प्यायली.