तळं किती बदकांचं?

बालमित्रांनो, आपल्या बावड्याला नीरेचं पाणी आहे, कालव्याचं पाणी आहे. त्यामुळे कुणाच्या परसात, कुणाच्या उसाच्या कडेला पाझराचं एखादं तळं असतंच. ते बघितलं की तुमचा घरात हट्ट सुरू होतो, "बाबा, पन्नास बदकं आणूया ना!"

आणा की! पण पन्नास नकोत. बदकं किती आणायची हे तळ्यालाच विचारायचं असतं.

बदकाला तळं म्हणजे ताटही आणि मोरीही. गोगलगाई, किडे, शेवाळ तिथंच खायचं आणि विष्ठाही तिथंच टाकायची. बदकं चार-पाच असली तर ही विष्ठा म्हणजे खतच. त्यावर शेवाळ वाढतं, शेवाळावर बारीक जीव जगतात आणि ते मासे नि बदकं खातात. झकास चाललेलं असतं सगळं. पण बदकं फार झाली की शेवाळ इतकं माजतं की पाणी हिरवंगार होतं. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडतं खरं, पण रात्री तेही प्राणवायू घेतं. मेलेलं शेवाळ कुजतं त्यालाही तो लागतो. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे वर येऊन 'आ' करताना दिसले तर ते खेळत नसतात बरं, गुदमरत असतात!

आणखी एक. श्रावणातलं तुडुंब तळं बघून बदकांचा हिशेब करू नका. वैशाखात पाणी उरतं तेवढ्यावर करा. पाणी आटतं, बदकं तेवढीच राहतात.

मग तळ्याला विचारायचं कसं? १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूनं समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाणी किती नितळ आहे ते मोजलं. आजही शास्त्रज्ञ तशीच तबकडी वापरतात. तुम्ही दोरीला पांढरी बशी बांधा, वजनासाठी खाली दगड लावा आणि हळूहळू सोडा. (मोठं माणूस सोबत हवंच!) बशी दिसेनाशी झाली की दोरीला गाठ मारून लांबी मोजा. बदकं आणायच्या आधी एकदा आणि नंतर दर रविवारी. पाणी हिरवं होत जाऊन लांबी घटत चालली तर बदकं कमी करायची. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, ती मापं वेगळी लिहा.

आता बदकं कोणती? अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल उत्तम. इंग्लंडमधल्या ॲडेल कॅम्पबेल बाईंनी ही जात तयार केली. चांगली जोपासलेली मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. अंडी बहुतेक सकाळी नऊच्या आतच पडतात. तोवर बदकं खुराड्यातच ठेवा, नाहीतर अंडी तळ्यात शोधत बसाल! खाद्याजवळ पाणी हवंच, कोरडा भरडा बदकाच्या घशात अडकतो. आणि बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कधीही घालू नका. कोंबडीपेक्षा बदकाला ते विष फार लवकर बाधतं.

उजनीच्या पाणफुगवट्यावर पिवळ्या टोकाच्या चोचीचं, कपाळाशी लाल ठिपके असलेलं हळदी-कुंकू बदक दिसतं. त्याची पिल्लं मात्र आणायची नाहीत. १९७२ च्या कायद्यानं रानपाखरं पाळायला बंदी आहे.

खाकी कॅम्पबेल सहसा अंड्यांवर बसत नाही. तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवा. कोंबडीची पिल्लं एकवीस दिवसांत निघतात, बदकांना अठ्ठावीस लागतात. बिचारी आठवडाभर जास्त बसते! पिल्लं तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत तळ्यात सोडू नका, भिजून गारठतात. नंतर ती पाण्यात शिरली, की काठावर त्या कोंबडीची जी धावाधाव चालते, ती बघायला आजीसुद्धा चहा टाकून बाहेर येईल.