चंद्राची माती दाबून पाहताना

पायाला सूज आलेला रुग्ण समोर आला की डॉक्टर नडगीवर अंगठा दाबून धरतात, मग उचलतात आणि खड्डा किती खोल पडला, किती वेळ टिकला ते बघतात. आत काय चालले आहे याचा पहिला अंदाज त्यावरून येतो. जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन यांनी चंद्रावर साधारण हेच केले. कोणीही न तुडवलेला जमिनीचा एक तुकडा त्यांनी निवडला, त्याचा फोटो काढला, त्यावर बूट टेकवला, उचलला आणि पुन्हा फोटो काढला. बुटाच्या ठशाचे ते छायाचित्र पुढे जगभर गाजले. माणसाच्या पराक्रमाची खूण म्हणून ते पोस्टरांवर आले, टपाल तिकिटांवर आले. काढले गेले ते मात्र जमिनीची तपासणी म्हणून. बूट किती रुतला, कडा ढासळल्या की उभ्या राहिल्या, नक्षी किती स्पष्ट उमटली, यावरून मातीचा स्वभाव कळणार होता.

हा स्वभाव कळणे किती गरजेचे होते, हे समजण्यासाठी चौदा वर्षे मागे जावे लागते. १९५५ मध्ये थॉमस गोल्ड या खगोलशास्त्रज्ञाने असे मांडले की चंद्रावरचे सपाट काळे प्रदेश बारीक धुळीने भरलेले असावेत. धूळ खोल आणि भुसभुशीत असेल तर उतरणारे यान त्यात बुडेल, ही भीती त्यातूनच पसरली. बऱ्याच भूशास्त्रज्ञांना ती अतिशयोक्ती वाटत होती, पण माणसे पाठवायची तर ‘वाटते’ एवढ्यावर भागत नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये सोव्हिएत लुना-९ आणि जून १९६६ मध्ये अमेरिकेचे सर्व्हेयर-१ हळुवार उतरले आणि बुडाले नाहीत. एप्रिल १९६७ मध्ये उतरलेल्या सर्व्हेयर-३ला तर एक यांत्रिक हात होता. त्याच्या टोकाच्या छोट्या फावड्याने जमिनीत चर खणले, जमीन दाबून पाहिली. या प्रयोगामागे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रोनाल्ड स्कॉट होते. इमारतींचे पाये आणि धरणांचे भराव ज्या शास्त्रावर उभे राहतात, त्या मृदा यांत्रिकीचे ते अभियंते.

गोल्ड यांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. चंद्राची माती अगदी जवळून टिपणारा खास कॅमेरा त्यांनीच तयार केला आणि तो अपोलो-११, १२ आणि १४ बरोबर चंद्रावर गेला. ज्याची भीती चुकीची ठरली, त्याच्याच हाती पुरावा गोळा करण्याचे साधन देणे हे विज्ञानाच्या तब्येतीला चांगलेच.

कोणाला वाटेल, माती पृथ्वीवर आणलीच होती, मग प्रयोगशाळेत निवांत तपासायची होती! अडचण अशी की माती उचलली की तिची रचना मोडते. पिठाचा डबा भरताना दोन-चार वेळा आपटला की पीठ खाली बसते आणि त्याच डब्यात आणखी दोन वाट्या मावतात. पीठ तेच, पण घट्टपणा वेगळा. चंद्रावरची माती जागेवर किती घट्ट बसली आहे, हे पिशवीत भरून आणलेल्या नमुन्यावरून कळत नाही. ते तिथेच मोजावे लागते.

मोजायच्या गोष्टी मुख्यतः तीन. पहिली घनता. दुसरी कणांची एकमेकांना धरून राहण्याची ताकद, अभियंते तिला कोहेजन म्हणतात. तिसरी कणाकणांमधले घर्षण. स्वयंपाकघरात याचे उदाहरण रोजच दिसते. रव्यात बोट खुपसून काढले की भोक लगेच बुजते, मैद्यात ते तसेच राहते. मैद्याचे कण एकमेकांना थोडेफार धरून असतात, रव्याचे जवळपास नाहीत. चंद्राची माती या बाबतीत मैद्याची बहीण निघाली. तिच्या कणांचा सरासरी आकार सुमारे ७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. वजनाने जवळजवळ निम्मी माती इतकी बारीक की तिचे सुटे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्याचा थेंबही नसताना ती ओल्या वाळूसारखा ठसा धरून ठेवते.

अपोलो-११ मध्ये मोजमापाचे खास उपकरण नव्हते, तरी जमिनीने स्वतःहून बरेच सांगितले. यानाचे पाय जेमतेम काही सेंटिमीटर रुतले. नील आर्मस्ट्राँग यांनी पहिला नमुना घेताना वरचा थर मऊ आणि खाली लगेच कठीण, असे कळवले. झेंड्याची काठी आत जाईना. ऑल्ड्रिन यांनी पोकळ नळी हातोड्याने ठोकली, तीही जेमतेम वीतभर गेली. काही दोष नळीच्या तोंडाचा होता. ते आतल्या बाजूला निमुळते केलेले असल्याने माती आत शिरताना आणखी दाबली जाई. पुढच्या मोहिमांत ते बदलले आणि अपोलो-१५ पासून रुंद, पातळ कडेच्या नळ्या आल्या. पण मुख्य कारण जमिनीत होते. बुडण्याची भीती बाळगून गेलेल्या माणसांना खरी अडचण आली ती आत शिरण्याची.

नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ सर्व्हेयर-३ पासून दोनशे मीटरच्या आत उतरले. अडीच वर्षांपूर्वी यांत्रिक फावड्याने खणलेले चर तसेच्या तसे होते. वारा नाही, पाऊस नाही, मग ते कोण बुजवणार? अंतराळवीरांनी ते फावडेही परत आणले.

ठरवून केलेला मृदा प्रयोग सुरू झाला तो फेब्रुवारी १९७१ च्या अपोलो-१४ पासून. प्रयोगाचे प्रमुख बर्कले येथील प्राध्यापक जेम्स मिचेल, आणि चंद्रावर तो करणारे अंतराळवीर एडगर मिचेल. आडनाव सारखे, नाते काही नाही. उपकरण अगदी साधे होते. ६८ सेंटिमीटर लांबीची, टोकाला शंकू असलेली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दांडी. ती हाताने खुपसायची आणि किती पट्टे आत गेले ते सांगायचे. एका हाताने ती चाळीसेक सेंटिमीटर गेली, दोन्ही हातांनी जोर लावल्यावर एका जागी पूर्ण. ॲलन शेपर्ड यांनी चर खणायला घेतला, पण त्याच्या भिंती ढासळत राहिल्या आणि ठरलेली खोली काही गाठता आली नाही.

चर खणण्यात काय विज्ञान, असे वाटेल. आहे. उभा कापलेला मातीचा कडा किती उंचीपर्यंत स्वतःच्या वजनाने कोसळत नाही, हे मुख्यतः तिच्या धरून राहण्याच्या ताकदीवर आणि वजनावर ठरते. चंद्रावर वजन एक षष्ठांश. त्यामुळे तीच माती तिथे सहापट उंच उभी राहू शकते. भिंतीची उंची मोजली की ताकदीचा हिशेब मांडता येतो.

जुलै १९७१ मधल्या अपोलो-१५ ने हा हिशेब नीट मांडला. जेम्स अर्विन यांच्याकडे स्वतः नोंद करणारा पेनेट्रोमीटर होता. त्याला वेगवेगळ्या आकाराचे शंकू आणि एक छोटी आयताकृती पट्टी लावता येई. दांडी दाबत गेले की किती जोराला किती खोली, याची रेघ एका धातूच्या ढोलावर कोरली जाई. ढोल पृथ्वीवर आणायचा, बाकी सारे तिथेच टाकायचे. जोराची मर्यादा होती सुमारे १११ न्यूटन, म्हणजे आपल्याकडच्या अकरा-साडेअकरा किलो वजनाइतकी. चंद्रावर माणूस पोशाखासकट पृथ्वीवरच्या तीसेक किलोइतकाच भरतो. त्याने फार जोर लावला तर दांडी आत जाण्याऐवजी तोच वर उचलला जाईल. अर्विन यांनी चरही खणला, कुत्रा खणतो तसा, पायांमधून माती मागे फेकत. हात-दीड हात खोलीच्या आतच फावडे कठीण थराला लागले, पण भिंती सरळ उभ्या राहिल्या. मग चराच्या काठाला पट्टी टेकवून त्यांनी दाब दिला आणि भिंत पाडली. किती जोराला ती पडली, यावरून कोहेजन निघाले सुमारे एक किलोपास्कल. रक्तदाबाच्या भाषेत हे पाऱ्याचे साडेसात मिलिमीटर.

त्याच मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांचे जमिनीशी जे युद्ध झाले, ते वैद्यकाच्या पुस्तकातही गेले. चंद्राच्या पोटातून किती उष्णता बाहेर येते हे मोजण्यासाठी सुमारे तीन मीटर खोल भोके पाडायची होती. पहिले भोक १.६ मीटरवर अडले. खाली माती इतकी ठासून बसलेली की कापलेला भुसा बाजूला सरकायला जागाच नव्हती. तो वर काढणारी नळीची सर्पिल खाच सांध्यांपाशी तुटत होती, त्यामुळे भुसा तिथे अडकून नळी जाम झाली. दुसऱ्या नळीने सुमारे २.४ मीटर खोलीचा नमुना घेतला गेला, तर ती बाहेर निघेना. दोघांनी मिळून खांदा लावून ती उपसली. दाबाने फुगलेल्या हातमोज्यात मूठ वळणे म्हणजे टणक चेंडू सतत दाबत राहणे. स्कॉट यांच्या बोटांची टोके सुजली, नखांखाली रक्त साकळून ती काळी पडली.

अर्विन यांचे प्रकरण अधिक गंभीर होते. त्यांच्या पोशाखातली पाण्याची पिशवी नीट चालली नाही, त्यामुळे तासन्‌तास पाण्याशिवाय काम झाले. चंद्रावरून मुख्य यानात परतल्यावर त्यांच्या हृदयाच्या आलेखात एक नियमित ठोका आणि एक अवेळी, असा क्रम काही काळ दिसला. स्कॉट यांच्या आलेखातही अवेळी ठोके होते. तपासणीत शरीरातले पोटॅशियम घटल्याचे आढळले. सगळा दोष चंद्राच्या मातीवर टाकणे बरोबर होणार नाही. अर्विन यांना १९७३ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. रोहिणीचा आजार आधीपासून आत असू शकतो आणि थकवा, घाम, पोटॅशियमची कमतरता यांनी तो उघडा पडू शकतो, हे कोणत्याही हृदयरोग कक्षात रोज दिसते. पण जमीन किती कठीण आहे हे आधी माहीत असते, तर श्रमाचा अंदाज वेगळा बांधता आला असता. पुढच्या मोहिमेत दोन्ही बाजूंनी दुरुस्ती झाली. अंतराळवीरांच्या आहारात पोटॅशियम वाढवले, औषधपेटीत हृदयाची औषधे आली. ड्रिलच्या नळीचे सांधे बदलले आणि नळी उपसण्यासाठी जॅक दिला. पोटॅशियम घातलेल्या संत्र्याच्या रसाने पोटात वायू होतो अशी जॉन यंग यांची तक्रार मायक्रोफोन चालू असताना सगळ्यांनी ऐकली, हा त्या दुरुस्तीचा एकमेव दुष्परिणाम.

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो-१६ वर उतारावर आणि सपाटीवर पेनेट्रोमीटर चालवला गेला. डिसेंबरमधल्या अपोलो-१७ वर तो नव्हता, पण ड्रिलचे भोक न ढासळता उघडे राहिले आणि त्यात दोन मीटर खोलीपर्यंत उपकरण सोडता आले. हीही एक चाचणीच झाली. शिवाय शेकडो पावलांचे ठसे आणि चांद्रगाडीच्या चाकोऱ्या फोटोंवरून मोजल्या गेल्या.

या सगळ्यातून जे चित्र तयार झाले ते असे. वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये घनता घन सेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास, तीस ते साठ सेंटिमीटरच्या थरात १.७४. त्या खालच्या थरात माती तिला जितके ठासता येईल त्याच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ठासलेली. कोहेजन वर अर्धा किलोपास्कल, खाली तीन. याचे कारण त्या पिठाच्या डब्यात आहे. लहान-मोठ्या उल्कांचे आघात अब्जावधी वर्षे चंद्राला हलवत आले. त्या हादऱ्यांनी खालची माती दाबून बसली, तर वरचे काही सेंटिमीटर बारीक उल्काकण सतत उकरत राहिले. शिवाय कण धारदार. नदीत किंवा वाऱ्यात घासून ते गोल होत नाहीत. आघाताच्या उष्णतेने वितळलेल्या काचेने काही कण एकमेकांना वेडेवाकडे चिकटवले. असे कण एकमेकांत अडकून बसतात. हेच कण फुप्फुसात गेले तर काय, हा प्रश्न डॉक्टरांना आजही सतावतो. अपोलो-१७ च्या हॅरिसन श्मिट यांना यानात परतल्यावर नाक चोंदण्याचा त्रास झाला होता. त्यांनी त्याला चांद्र-परागज्वर असे नाव दिले.

भारतात ही आकडेवारी कामाला आली ती चांद्रयानाच्या वेळी. विक्रमचे पाय आणि प्रग्यानची चाके पृथ्वीवर तपासायची तर चंद्रासारखी माती हवी. चंद्राच्या उंच प्रदेशातला ॲनॉर्थोसाइट हा खडक तमिळनाडूत नामक्कलजवळ सितमपुंडीला सापडतो. तो दळून इस्रोने माती तयार केली आणि तिच्या पद्धतीचे पेटंटही मिळवले. चंद्राचे काळे सपाट प्रदेश मात्र बेसाल्टचे, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या जातीचे. बेसाल्टमध्ये उल्केने पाडलेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून चंद्राच्या अभ्यासकांना बुलढाण्याच्या लोणारचे इतके अप्रूप. ऑगस्ट २०२३ मध्ये उतरलेल्या विक्रमवरच्या ‘चास्टे’ उपकरणाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय भागातल्या मातीत दहा सेंटिमीटरपर्यंत खुपसून तापमान मोजले.

आर्टेमिस मोहिमांचे लक्ष्य त्याच दक्षिण ध्रुवाचा परिसर आहे. तिथल्या काही विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही आणि मातीत बर्फ आहे. थोडासा बर्फ कणांच्या मधल्या फटींत सुटा पडलेला असेल तर माती अपोलोच्या मातीसारखीच वागेल. तोच बर्फ कणांना सांधून गोठला असेल तर ती काँक्रीटसारखी टणक असेल. अपोलोच्या सहाही जागा विषुववृत्ताच्या बऱ्याच जवळच्या आणि उन्हातल्या, त्यामुळे तिथले आकडे इथे उचलून लावता येत नाहीत. दांडी पुन्हा जमिनीत खुपसावी लागेल.