कचेरीतील पोशाख कोणावर बंधनकारक?

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण उत्तरेकडून आमच्या बाजारपेठांत आली आणि पेढ्यांच्या गाद्यांवर इतकी रुळली की, आता ती आमचीच झाली आहे. ती खोटी आहे असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. जो वकील चुरगळलेली पट्टी गळ्यात अडकवून, पानाने रंगलेल्या ओठांनी आणि सुटे कागद काखेत मारून न्यायाधीशापुढे उभा राहतो, त्याच्या अशिलाचा जीव तेथेच अर्धा होतो. ज्याला आपल्या बाहीची काळजी नाही, तो आमच्या सातबाऱ्याची काय घेणार, असा हिशेब तो अशील मनाशी मांडतो. आणि तो हिशेब अगदीच चुकीचा असतो असेही नाही. पेढीवरच्या मुनिमाचे कपडे जुने असेनात, पण धुतलेले असले म्हणजे गिऱ्हाइकाचा त्याच्या खतावणीवर भरवसा बसतो. कामाच्या जागी नीटनेटके असणे ही समोरच्या माणसाची बूज राखण्याची रीत आहे. एवढे आरंभीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहावयाचे आहे ती गबाळेपणाची वकिली आहे, असा कोणी ग्रह करून घेणार नाही.

आता आमच्या समक्ष घडलेली एक हकीकत. स्थळ जिल्ह्याचे एक न्यायालय, दिवस वैशाखाचे. जमिनीच्या दाव्यात साक्षीसाठी एक वृद्ध शेतकरी पिंजऱ्यात उभा राहिला. अंगात जाड काळा कोट. तोही उघड उघड उसना, कारण बाह्या बोटांवर येत होत्या आणि शपथेसाठी हात वर करताना पंजा बाहेर काढण्यास त्यास दोनदा झटका द्यावा लागला. मागच्या तारखेस तो पैरण व पागोटे घालून आला होता आणि दारावरच्या पट्टेवाल्याने 'हा काय बाजार आहे?' म्हणून त्यास दरडावले होते, हे मागाहून कळले. म्हणून पुतण्याच्या लग्नातला कोट. घामाने डोळे चुरचुरत होते, लक्ष सारे बाहीकडे. उलटतपासणीत बांधाची दिशा सांगताना म्हातारा चुकला. मग चुकलो म्हणून घाबरला. मग घाबरला म्हणून आणखी चुकला. उलटतपासणी आम्हीच घेत होतो. त्याच्या गोंधळाचा लाभ आमच्या अशिलास झाला, आणि त्या दिवसाची आमची फी आम्ही घेतली. हे लिहिताना आम्हांस भूषण वाटत नाही.

साक्षीदाराने कोट घालावा असा नियम कोठे आहे? आम्ही शोधला, आम्हांस तो सापडला नाही. पोशाखाचा नियम आहे तो वकिलांना, आणि तो भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेला आहे. मौज अशी की, तो नियम आमचे वकीलबंधू समजतात तितका कडक मुळीच नाही. काळ्या कोटाऐवजी चपकन, अचकन किंवा काळी शेरवानी चालते. विजारीऐवजी धोतर चालते. होय, धोतर, नियमात तसे स्पष्ट लिहिले आहे. सर्वोच्च व उच्च न्यायालये सोडून अन्यत्र गाऊन ऐच्छिक आहे, आणि त्याच दोन ठिकाणांखेरीज उन्हाळ्यात काळा कोटही सक्तीचा नाही. तरीही चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तालुक्याच्या न्यायालयांतून काळे कोट शिजत असलेले दिसतातच. नियमाने दिलेली सूटसुद्धा घेण्याचे धैर्य नाही, कारण कोट उतरविला तर आपल्यात आणि पक्षकारांत फरक तो काय उरला, अशी धास्ती! इंग्रज बॅरिस्टरांचा हा काळा वेष 1694 साली वारलेल्या मेरी राणीच्या शोकापासून सुरू झाला, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असल्यास परक्या राणीचे सुतक आम्ही तीनशेहून अधिक वर्षे पाळीत आहो, असेच म्हणावे लागेल. 2020 च्या मे महिन्यात, साथीच्या दिवसांत, दूरदृश्य सुनावणीपुरती सर्वोच्च न्यायालयाने कोट-गाऊनापासून मुभा दिली आणि पांढरा सदरा, पांढरी साडी वा सलवार-कमीज व गळ्याशी पांढरी पट्टी एवढे पुरेसे ठरविले. त्या पोशाखात चाललेल्या कामकाजाने न्यायासनाचा मान रतीभरही उणा झाला नाही.

वकिलाने बंधन पाळावे आणि पाहुण्याने पाळू नये, हा भेद आमच्या पदरचा नव्हे. 1893 साली डर्बनच्या न्यायालयात गांधीजी नुसते बसले होते, त्या वेळी दंडाधिकाऱ्याने त्यांना पागोटे उतरविण्यास सांगितले. त्यांनी ते उतरविले नाही, ते न्यायालयाबाहेर निघून गेले. पुढच्याच वर्षी नाताळ वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची शपथ घेतल्यावर मुख्य न्यायाधीशांनी तीच गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी पागोटे काढून ठेवले. मित्र नाराज झाले. आमच्या मते मात्र दोन्ही वेळा त्यांचेच बरोबर होते. ज्याने धंदा पत्करला त्याने धंद्याची शिस्तही पत्करली. जो दाद मागण्यास किंवा खरे सांगण्यास दारी आला, त्याने काहीच पत्करलेले नाही.

यावर आमचे काही सुधारक मित्र म्हणतील की, गरिबाने चांगले कपडे घालू नयेत असा तुमचा उपदेश दिसतो. छे! 1927 च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य मानलेल्या वर्गातील स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण पटविणारी लुगड्याची व दागिन्यांची जुनी पद्धत टाकून द्या आणि इतर स्त्रियांप्रमाणे नेसा. त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी, 1888 च्या मार्चात, पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात जरीपोशाख केलेल्या मंडळींमध्ये महात्मा फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात जाऊन उभे राहिले. एकाने चांगले नेसण्यास सांगितले, दुसऱ्याने साधे घालून दाखविले. विरोध कोठेच नाही. दोन्ही ठिकाणी वेष आपल्या इच्छेने निवडलेला होता. आमच्या म्हाताऱ्याचा कोट पट्टेवाल्याने निवडला होता.

वरच्या पायरीवरील लोकांची मात्र या बाबतीत सोय झाली आहे. 2022 साली पाटणा उच्च न्यायालयात एका वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यास कोट नाही व गळ्याचे बटण उघडे, म्हणून न्यायासनावरून बोलणी ऐकावी लागली, आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. पुढे 3 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अधिकाऱ्यांच्या हजेरीविषयी कार्यपद्धती घालून दिली. अधिकाऱ्याच्या कचेरीचा पोशाखनियम मोडला नसेल तर त्याच्या कपड्यांवर शेरा मारू नये, त्याचे रूप, शिक्षण व सामाजिक दर्जा यांविषयी बोलणे शक्य तो टाळावे, असे तीत सांगितले आहे. निर्णय उत्तम आहे. पण जो संकोच अधिकाऱ्यास होतो तो शेतकऱ्यास होत नाही काय? अधिकाऱ्याच्या पाठीशी सरकारी वकील तरी असतो.

व्यापारीबंधूंसही येथेच दोन शब्द. दुकानातील नोकराने बूट, गळपट्टा व इस्त्रीचा सदरा घालून उभे राहावे अशी तुमची इच्छा असेल, तर कापड तुम्ही द्या आणि परिटाचा खर्चही तुम्हीच सोसा. शोभा तुमच्या दुकानाची आणि कपात त्याच्या पगारातून, हा व्यवहार सचोटीचा नव्हे. आणि फाटक्या वहाणांचे गिऱ्हाईक पायरी चढले तर तुमच्या नोकराची नजर प्रथम कोठे जाते, तेही एकदा गादीवरून पाहून ठेवा.

आमच्या जिल्ह्याच्या वकील मंडळास आम्ही एक लेखी विनंती धाडली आहे. न्यायालयाच्या दाराशी ठळक मराठीत एक फलक लावण्याची परवानगी मंडळाने जिल्हा न्यायाधीशांकडून मिळवावी: 'पक्षकार व साक्षीदार यांस पोशाखाचे बंधन नाही.' आणि पट्टेवाल्यांना तो एकदा वाचून दाखवावा. फलकाचा खर्च किती, हे गावातील रंगाऱ्यास विचारले आहे. तो फार नाही, आणि मंडळाकडे तरतूद नसल्यास तो आम्ही देऊ; एका दिवसाची फी आमच्याकडे तशीही शिल्लक आहे.