टाळेबंदीत डोळ्यातलं इंजेक्शन

डोळ्यात इंजेक्शन घेणारं कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत असेलच. २०२० च्या टाळेबंदीत या लोकांपुढे मोठा पेच उभा राहिला. घराबाहेर पडावं तर कोरोनाची भीती, न पडावं तर नजर जाण्याची. हा पेच नेमका काय होता, ते आज बघू.

आधी आजार समजून घ्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी कामं त्याच्यावर चालतात. उतारवयात काहींच्या मॅक्युलाखाली नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरू लागतात. हा वेट एएमडी. मधुमेहात पडद्यातल्याच वाहिन्या कमकुवत होऊन गळतात आणि पडद्याला सूज येते. दोन्हींत व्हीईजीएफ नावाचं प्रथिन गळतीला जोर देतं. बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही औषधं त्या प्रथिनालाच अडवतात. मात्रा फक्त ०.०५ मिलिलिटर. आधी डोळा बधिर करणारे थेंब, मग पोव्हिडोन आयोडिननं स्वच्छता, मग बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे बारीक सुई. काही सेकंदांत काम होतं. माझ्या उजव्या डोळ्यात बऱ्याचदा टोचलं आहे. ऐकायला वाटतं तितकं भयंकर ते नाही.

अवघड असतं ते पुढच्या तारखा पाळणं. औषध काही आठवड्यांत ओसरतं आणि बऱ्याच जणांची गळती पुन्हा सुरू होते. म्हणून सुरुवातीला साधारण दर महिन्याला, आणि मग डोळा कोरडा राहील तसं अंतर वाढवत इंजेक्शन द्यावं लागतं. फौजेत आघाडीवरच्या तुकडीला एकदा रसद पोचवून भागत नाही, तसंच हे. वेट एएमडीत रसद तुटली की गळतीमागोमाग रक्तस्राव होऊ शकतो आणि शेवटी वण धरतो. वण धरलेल्या जागची नजर इंजेक्शनानं परत येत नाही. टाळेबंदीत तारखा चुकलेल्या वेट एएमडीच्या रुग्णांबद्दल अनेक देशांतल्या डॉक्टरांनी हेच नोंदवलं आहे. उपचार पुन्हा सुरू होऊनही काहींची गेलेली नजर पूर्ण भरून आली नाही.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. तंजावुरातून पडद्याच्या उपचारासाठी तिरुचिरापल्लीला किंवा मदुराईला जाणारे बरेच. तिरुची जेमतेम साठ किलोमीटर, पण बस बंद आणि जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास हवा. वैद्यकीय कारणासाठी पास मिळत होता, तरी सत्तरीतल्या माणसानं तो ऑनलाइन काढायचा कसा? गाडी कुणाची? आणि साठीच्या पुढच्यांनी घरातच राहा असं सरकार सांगत होतं, तेही बरोबरच होतं.

मग थांबायचं कुणी? ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट्स या संस्थेनं मार्च २०२० मध्येच याची क्रमवारी लावली. वेट एएमडीवाल्यांचं इंजेक्शन थांबवू नका, तपासण्या कमी करून दर आठ आठवड्यांनी देत राहा. मधुमेही सूज असलेले बहुतेक जण थांबू शकतात. आपल्याकडच्या रेटिना तज्ज्ञांच्या संघटनेनंही कुणाला आधी बोलवायचं याच्या सूचना काढल्या. माझ्या मते यातली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे सरसकट नियम टाळणं. ज्याला दिसतंच एका डोळ्यानं, त्याची तारीख शक्यतो ढकलू नये. कुणी थांबायचं हे डॉक्टरनं ठरवावं, शेजाऱ्यानं नव्हे.

इंजेक्शनाची पद्धतही बदलली. मास्कच्या वरच्या कडेला नाकावर चिकटपट्टी लावायची, कारण मास्क सैल असला की श्वास वर डोळ्याकडे जातो आणि त्याबरोबर तोंडातले जंतूही. टोचताना कुणी बोलायचं नाही. ही शिस्त मला साथ सरल्यावरही आवडते.

घरी करण्यासारखं एक काम आहे. अ‍ॅम्सलर ग्रिड म्हणजे बारीक चौकटींचा कागद, मध्ये ठिपका. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. रेषा वाकलेल्या दिसल्या किंवा मध्ये काळं दिसलं तर दवाखान्यात फोन. एक डोळा झाकायचाच, नाहीतर चांगला डोळा आजारी डोळ्याचं दुखणं लपवतो. कागद नसला तर दाराची चौकट बघा. आमच्याकडे दारात रोज कोलम घालतात. त्यातल्या ठिपक्यांची सरळ रांग वाकडी दिसली तरी सावध व्हावं.

दुसरं काम कागदपत्रांचं. याबाबत तंजावुराला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, आजारी डोळ्यांच्या चित्रांसकट. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. तुमचीही अशी फाइल हवी: कोणता डोळा, कोणतं औषध, कोणत्या तारखेला, आणि पडद्याच्या ओसीटी चित्राची शेवटची प्रत. मोबाइलमध्ये फोटोही असू द्या. नेहमीचा दवाखाना बंद असेल, तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरला तेवढ्यावर निर्णय घेता येतो.

इंजेक्शनानंतरच्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा नजर एकदम मंदावली, तर डोळ्यात जंतुसंसर्ग झाला असू शकतो. हे दुर्मीळ आहे, पण मग टाळेबंदी असो वा मध्यरात्र, त्याच क्षणी निघायचं.